शिकवलेला मोल्डर शेजारी जातो, तर शिकवायचं कशाला?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत माझी ग्रे आयर्नची, म्हणजे बिडाच्या ओतकामाची, फौंड्री आहे. कंत्राटी धरून ४८ माणसं. गेल्या दोन वर्षांत सात पोरांना मोल्डिंग (वाळूचे साचे भरणं) आणि कोअर सेटिंग (पोकळीसाठी साच्यात वाळूचा गाभा बसवणं) शिकवलं, त्यातली पाच आठ-दहा महिन्यांत शेजारच्या कारखान्यांत गेली. मी असोसिएशनचा सभासद आहे, वर्गणी भरतो, वर्षातून एकदा स्नेहभोजनाला जातो. या ओळखींचा माणसं घडवायला आणि टिकवायला खरंच काही उपयोग असतो का? की शिकवणं सोडून तयार माणूसच घ्यावा?

उत्तर: शिकवणं सोडू नका. तयार माणूस घ्यायचा म्हणता, पण तो तयार होणार कुठे? शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी धरून आपल्या भागात तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत. सगळ्यांनीच तयार माणूस घ्यायचं ठरवलं तर तीच पोरं या गेटावरून त्या गेटावर फिरणार, दर वेळी हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, वाढवून घेणार, आणि साचा मात्र होता तसाच कच्चा निघणार. मी या भागात चौतीस वर्षं काढली. वाळू तपासणाऱ्या सॅंड लॅबमध्ये सुरुवात केली, मग मेथड्स, म्हणजे कुठला भाग कसा ओतायचा ते ठरवणं, मग प्रॉडक्शन, आणि आता फक्त माणसं शिकवण्याचं काम करतो. तयार मोल्डर दर वर्षी कमी होत चाललाय, हे मला रोज दिसतं.

तुमच्या प्रश्नात पोरं का गेली आणि ओळखींचा उपयोग काय, हे दोन प्रश्न आहेत. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकाच जागी आहे. सभासदत्व तुमच्या नावावर आहे, पण ओळखींची खरी गरज तुमच्या सुपरवायझरला आहे. आणि त्याला तुम्ही आजवर कुठल्याच तांत्रिक बैठकीला पाठवलं नसेल, असा माझा अंदाज आहे. बहुतेक मालक पाठवत नाहीत.

एक जुना प्रसंग सांगतो. मी तेव्हा एका कारखान्यात रात्रपाळीला होतो. पंपाच्या बॉडीचं काम होतं. पावसाळ्याच्या तोंडावर अचानक कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लो होल, म्हणजे गॅसच्या पोकळ्या, यायला लागले. आम्ही धातू तपासला, कार्बन-सिलिकॉन जागेवर. ओतायचं तापमान बघितलं, ठीक. वाळूचा ओलावा साडेतीन टक्के, कॉम्पॅक्टिबिलिटी (वाळू किती दबते ते) चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे लॅबच्या वहीप्रमाणे सगळं बरोबर. तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री मी दुसऱ्या फौंड्रीतल्या एका मोल्डिंग इन्चार्जला फोन केला. आम्ही दोघं संध्याकाळच्या एका कोर्सला एकाच बाकावर बसायचो, एवढीच ओळख. तो पहाटे दोनला मोटरसायकलवर आला. लॅबमध्ये गेलाच नाही. सरळ मिक्सरपाशी जाऊन त्याने वाळूची मूठ घेतली, दाबली, हात उघडला. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले होते. मग मूठ मधोमध मोडली, तर कडा धारदार निघायच्या ऐवजी भुरभुर गळाली. त्याने तीच वाळू गालाला लावली आणि म्हणाला, "अण्णा, वाळू गरम हाय. लॅबमध्ये नेईपर्यंत गार पडती, म्हणून तुमचा आकडा बरोबर येतोय."

झालं होतं असं, की ऑर्डर वाढली म्हणून आम्ही तासाला जास्त साचे ओतत होतो, पण सिस्टीममधली वाळू तेवढीच होती. ती थंड व्हायच्या आत पुन्हा मिक्सरमध्ये येत होती. वाळू पन्नास अंशांच्या वर गेली की मिक्सरमध्ये घातलेलं पाणी साचा होईपर्यंत उडत राहतं, बेंटोनाइट, म्हणजे वाळूला बांधणारी माती, नीट भिजत नाही, आणि वाफ थंड पॅटर्नवर (ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्यावर), थंड कोअरवर जाऊन बसते. ब्लो होल तिथून येत होते. सिस्टीममध्ये वाळू वाढवली, परतीच्या पट्ट्यावर पाण्याचा हलका फवारा आणि हवा दिली, आणि दोन दिवसांत काम जागेवर आलं.

हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात सापडतं. पण रात्री दोनला ते पुस्तक उघडणारा, आणि आपल्या वाळूला हात लावणारा माणूस हवा असतो. तो माणूस आम्हाला मिळाला कारण मी आणि तो एका वर्गात बसलो होतो. आमचे दोन मालक एकमेकांना चांगले ओळखायचे, पण त्या ओळखीतून हा फोन कधीच झाला नसता. मालक मालकाला आपलं रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, सांगत नाही. सुपरवायझर सुपरवायझरला सांगतो.

म्हणून पहिलं काम हे करा. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेन, म्हणजे आयआयएफ, ही १९५० सालची संस्था. तिचं कोल्हापूर चॅप्टर आहे, व्याख्यानं आणि छोटे कोर्स होतात. तिथे तुमच्या मोल्डिंग इन्चार्जला आणि मेल्टिंगवाल्याला पाठवा. वर्गणी कंपनीने भरावी, त्या संध्याकाळचा ओव्हरटाइम द्यावा. परत आल्यावर त्याला एकच प्रश्न विचारा: "तिथे कोण भेटलं, आणि त्यांच्याकडे काय वेगळं करतात?" पहिल्या दोन वेळेला तो "चहा चांगला होता" म्हणेल. तिसऱ्या वेळेला तो एखाद्या चॅपलेटबद्दल, म्हणजे साच्यात कोअरला टेकू देणाऱ्या धातूच्या तुकड्याबद्दल, बोलायला लागेल.

आता तुमच्या मनातली भीती. सुपरवायझर बाहेर गेला, चार लोकांना भेटला, तर त्याला कोणीतरी उचलेल. ही भीती खोटी नाही. पण तुमची पाच पोरं कुठल्या व्याख्यानाला गेली होती? त्यांना ओढणारं जाळं तुमच्याशिवाय चालतंच होतं. गेटासमोरच्या टपरीवर, गावाकडच्या एसटीत, मुकादमाच्या मोबाइलवर. कुठल्या फौंड्रीत ओव्हरटाइम वेळेवर मिळतो, कुठे फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायच्या कामाला) धूळ ओढणारं यंत्र आहे, कुठला साहेब शिव्या देतो, हे कामगारांना तुमच्या आधी कळतं. व्यवसायातलं सगळ्यात जलद जाळं त्यांचंच आहे. त्यावर कुलूप लावता येत नाही. आपल्या कारखान्याबद्दल तिथे काय बोललं जातं, ते मात्र आपल्या हातात असतं.

काही मालक यावर आपसात ठरवून टाकतात की एकमेकांची माणसं घ्यायचीच नाहीत. मला हे अजिबात मान्य नाही. त्याने पोराची मजुरी दाबली जाते, आणि मग तो शेजारी जात नाही, थेट चाकणला जातो किंवा फौंड्रीच सोडून डिलिव्हरीच्या गाडीवर बसतो. फौंड्रीतून बाहेर पडलेलं पोर सहसा परत येत नाही. ठरवायचंच असेल तर एवढं ठरवा: शिकाऊ कराराची मुदत संपेपर्यंत कोणी त्याला उचलणार नाही, आणि त्यानंतर तो जायला मोकळा. त्याला पगार वाढवून मिळत असेल तर अभिनंदन करून सोडा. माझ्या हाताखालून गेलेले दोघं पाच-सहा वर्षांनी इन्चार्ज होऊन परत आले, आणि आणखी एकाने स्वतःचा पॅटर्न शॉप काढून आमचंच काम घेतलं.

आपल्या मातीत हे नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हा तिथे तयार कारागीर वाट बघत उभे नव्हते. आसपासच्या गावांतली माणसं घेऊन त्यांनी लोखंडी नांगर ओतला. पुढे कोल्हापूरच्या उद्यमनगरात तेच झालं. मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेला पोरगा काही वर्षांनी शेजारीच लेथ टाकायचा, आणि अडलं की त्याच मिस्त्रीकडे धावायचा. ऑइल इंजिनाचं कोल्हापूर असंच उभं राहिलं. शिकलेला माणूस फुटून जाणं हे त्या काळी नुकसान मानलं असतं, तर उद्यमनगर एका गल्लीच्या पुढे गेलं नसतं.

आता जाळं म्हणजे नेमकं काय करायचं, ते सांगतो. चार-पाच फौंड्र्यांचा गट करा. थेट स्पर्धेतले नकोत. एखादा पंपाचं करणारा, एखादा ट्रॅक्टरचं, एखादा व्हॉल्व्हचं. महिन्यातून एकदा, प्रत्येक वेळी वेगळ्या कारखान्यात, दोन तास. मालकांनी पहिल्या बैठकीला यावं आणि पुढे सुपरवायझरांना मोकळं सोडावं. प्रत्येकाने दोन गोष्टी आणायच्या: मागच्या महिन्याचा रिजेक्शनचा कागद दोषांप्रमाणे मांडलेला, आणि एक वाईट कास्टिंग. हो, प्रत्यक्ष कास्टिंग, फोटो नको. फोटोत पिनहोल (गॅसची बारीक छिद्रं) आणि स्लॅग (धातूत अडकलेली मळी) सारखेच दिसतात. हातात घेऊन दिव्याखाली तिरकं धरलं की कळतं. पार्टीचं नाव झाकायचं असेल तर झाका. यजमान कारखान्यात एक फेरी मारायची, आणि पाहुण्यांनी एक चांगली आणि एक सुधारण्याजोगी गोष्ट लिहून द्यायची. एवढंच. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्यांच्या संघटनेने, अ‍ॅक्माने, अशाच गट पद्धतीवर पुण्याकडे आणि इतरत्र बरंच काम केलं आहे. टोयोटाच्या पुरवठादारांचा क्योहोकाई नावाचा संघ १९४३ पासून आहे, आणि तिथेही एकाच्या शॉपवर दुसऱ्याने येऊन शिकण्याची पद्धत आहे.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे होत नाही. तिथे "पाचशे किलोचं क्रुसिबल (धातू वितळवायचं भांडं) कोणाकडे आहे" याला दहा मिनिटांत उत्तर येतं, आणि तेवढ्यापुरता तो उत्तम आहे. पण "माझं आठ टक्के रिजेक्शन आहे" असं दोनशे लोकांसमोर कोणी लिहीत नाही.

आठ टक्क्यांचं गणित मांडून बघा, म्हणजे या दोन तासांची किंमत कळेल. समजा महिन्याला दीडशे टन ओतता. आठ टक्के म्हणजे बारा टन. इंडक्शन फर्नेसमध्ये टनाला सहाशे युनिट धरले तर ७,२०० युनिट वीज फक्त भंगार पुन्हा वितळवण्यात गेली. वाळू, कोअर, फेटलिंग, माणसाची मजुरी वेगळी. गटातून शिकून एक टक्का जरी खाली आला तरी दीड टन आणि नऊशे युनिट दर महिन्याला वाचले.

माणसं शिकवण्याबद्दल आता. तुम्ही सात पोरांना शिकवलं म्हणता. कसं शिकवलं? बहुतेक ठिकाणी "जा, मामांच्या शेजारी उभा रहा" असं होतं. मामा उत्तम मोल्डर असतात, पण हात काय करतोय हे तोंडाने सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हाच प्रश्न आला होता. अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कारखाने नवख्यांनी भरले. तेव्हा १९४० मध्ये ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाची योजना सुरू झाली. युद्धानंतर ती जपानमध्ये गेली आणि टोयोटासारख्या कंपन्यांत मुरली. तिची शिकवायची पद्धत चार पायऱ्यांची आहे: शिकणाऱ्याला तयार करणं, करून दाखवणं, त्याच्याकडून करवून घेणं, आणि नंतर लक्ष ठेवणं.

कोअर सेटिंगवर लावून बघू. मामांना आधी विचारा, या कामात नजर कुठे ठेवता? माझ्या अनुभवात तीन जागा निघतात. कोअर सरळ खाली उतरवायचा, तिरका नाही. कारण प्रिंटची, म्हणजे कोअर बसायच्या खाचेची, कड घासली तर वाळू साच्यात पडते आणि कास्टिंगला सॅंड इन्क्लुजन येतं, म्हणजे धातूत वाळू अडकते. चॅपलेट कोरडा आणि गंज नसलेला हवा. ओला किंवा गंजलेला असला तर त्याच्याभोवती गॅस होतो. साच्याचा बॉक्स बंद करायच्या आधी हवा मारायची आणि व्हेंट, म्हणजे गॅस बाहेर जायची वाट, मोकळा आहे का बघायचं. या तीन जागा आणि त्यांची कारणं एका कार्डावर लिहा. मग मामांनी तीनदा करून दाखवायचं: एकदा नुसतं, एकदा जागा सांगत, एकदा कारण सांगत. मग पोराने करताना तोंडाने कारणं म्हणायची. कारण त्याच्या तोंडून आलं नाही, तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. आपल्याकडे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची बरीच पोरं आहेत, तेव्हा कार्ड हिंदीतही करा आणि वर चित्र काढा.

दुसरं, भिंतीवर एक तक्ता लावा. उभ्या रकान्यात माणसांची नावं, आडव्यात कामं: हाताचं मोल्डिंग, मशीन मोल्डिंग, कोअर सेटिंग, वाळू चाचणी, लेडल (वितळलेला धातू न्यायचं भांडं), ओतणं, फेटलिंग. प्रत्येक चौकटीत वर्तुळाचे चार भाग. पाव म्हणजे शिकतोय, अर्धं म्हणजे देखरेखीखाली करतो, पाऊण म्हणजे एकटा करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. आणि ज्या दिवशी वर्तुळाचा पाव भाग वाढेल त्याच महिन्यापासून हजेरीत ठरलेली रक्कम वाढली पाहिजे. माझा ठाम अनुभव आहे की तुमची पाच पोरं बाहेरच्या दहा-वीस रुपयांसाठी गेली नसावीत. त्यांना तुमच्याकडे पुढची पायरी दिसली नाही. आठ महिन्यांनी त्यांना येतंय सगळं, आणि हुद्दा अजून "हेल्पर". मग टपरीवर कोणीतरी "मोल्डर म्हणून ये" म्हणतं.

कायद्याचा भाग थोडक्यात. अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्ट १९६१ चा, त्याचे नियम २०१९ मध्ये सुधारले. कंत्राटी धरून तीस किंवा जास्त माणसं असली की अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. तुमच्या ४८ माणसांवर पंधरा टक्के म्हणजे सातपर्यंत मुलं बसतात. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन दहावी पासला ६,००० आणि आयटीआय झालेल्याला ७,००० रुपये होतं. चालू आकडा शिकाऊ योजनेच्या सरकारी पोर्टलवर बघून घ्या. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत किमान विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार थेट मुलाच्या खात्यात भरत आलंय. त्यांना पीएफ आणि ईएसआय लागू होत नाही. पण कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी तुमचीच, म्हणून विमा काढा आणि पहिल्या महिन्यात लेडलजवळ फिरकू देऊ नका. एक कळकळीची विनंती: शिकाऊ मुलगा म्हणजे स्वस्त हेल्पर असं समजून कागद भरू नका. किमान रकमेवर फौंड्रीच्या उष्णतेत कोणी टिकत नाही. शक्य तेवढं जास्त द्या आणि आठवड्यातले चार तास वर्गासाठी राखा. तुमच्या गटातले पाच कारखाने मिळून पंधरा-वीस मुलांचा एक वर्ग सहज होतो. वाळू एका कारखान्यात, धातू दुसऱ्यात, पॅटर्न तिसऱ्यात, असं वाटून शिकवता येतं. एकट्याने तीन मुलांसाठी मास्तर ठेवणं कोणालाच परवडत नाही.

आयटीआयमध्ये फौंड्रीमनचा एक वर्षाचा ट्रेड आहे, पण मुलं आधी इलेक्ट्रिशियन आणि फिटरकडे धावतात. तिथल्या निदेशकांशी ओळख ठेवा. त्यांना वर्षातून दोनदा कारखान्यात बोलवा, जुने कास्टिंग आणि पॅटर्न शिकवायला द्या. जे निदेशक तुमचा कारखाना आतून बघून गेलेत ते मुलांना तुमचं नाव स्वतःहून सांगतात. आणि तुमच्याकडच्या मामांसारख्या, कागद नसलेल्या माणसांना आधीच्या कौशल्याची दखल घेणारं प्रमाणपत्र, ज्याला आरपीएल म्हणतात, ते मिळवून द्या. वीस वर्षं साचे भरलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा सरकारी कागद येतो, तेव्हा त्याचा चेहरा बघा. तो नवीन पोरांना शिकवायला वेगळ्याच हुरुपाने उभा राहतो.

शेवटी एक गोष्ट, जी आपण फौंड्रीवाले बोलायचं टाळतो. धूळ. फेटलिंगमध्ये आणि शेकआउटला, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढताना, जी बारीक सिलिका उडते तिने फुप्फुसं कायमची जातात, आणि सिलिकोसिस बरा होत नाही. माझ्या ओळखीचे दोन फेटलर पन्नाशी गाठायच्या आत घरी बसले. आई-बाप पोराला फौंड्रीत पाठवत नाहीत ते यासाठी, आणि ते बरोबरच करतात. धूळ ओढणारी यंत्रणा, योग्य मास्क, वर्षातून एकदा छातीची तपासणी, यावर खर्च होईपर्यंत वर लिहिलेलं बाकी सगळं अर्धवट आहे. कोअर शॉपमध्ये बायका चांगलं काम करतात, हात हलका असतो, मोडतोड कमी होते. पण त्यांच्यासाठी स्वच्छ शौचालय आणि पाळी संपल्यावर घरी पोचवणारी गाडी आधी हवी, भरती मग.

या महिन्यात सुरुवात करायची तर जे दोघं अजून टिकलेत त्यांच्याशी बोला. ते का थांबले, ते विचारा आणि लिहून ठेवा. मग तुमच्या मोल्डिंग इन्चार्जला विचारा की आसपासच्या कुठल्या तीन फौंड्र्यांतल्या माणसांना तो रात्री फोन करू शकतो. तीन नावं निघाली तर तुमचा गट तयार आहे, त्यांच्या मालकांना चहाला बोलवा. एकही नाव निघालं नाही, तर या महिन्याच्या आयआयएफच्या व्याख्यानाला त्याला घेऊन तुम्ही स्वतः जा. तिथे पुढच्या रांगेत बसू नका, आणि त्याला त्याच्या वयाच्या माणसांत एकटा सोडा.